न मारणारे विष : निकोटिनचे वंशज आणि मधमाशी

गाढवदेखील तंबाखू खात नाही, असा टोमणा व्यसनी मनुष्यास केव्हा ना केव्हा ऐकावा लागतोच. ह्या टोमण्यात वनस्पतिसृष्टीचे एक सत्य सामावलेले आहे. तंबाखूच्या झाडास पळून जाता येत नाही. त्यास शिंगे नाहीत की नखे नाहीत. आपले पान खावयास येणाऱ्या किड्यापासून बचाव करण्याकरिता ते मुळांमध्ये निकोटिन नावाचे विष तयार करते आणि ते पानापानांत चढविते. किड्याने पान कुरतडले की हे विष त्याच्या मज्जातंतूंवर आघात करते; किडा प्रथम थरथरतो आणि मग लुळा पडतो. मनुष्याने हे झाड धूम्रपानासाठी जगभर नेले. परंतु त्याच्या ह्या दुसऱ्या गुणाकडेही त्याचे लक्ष लवकरच गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील बागवान फळझाडांवर तंबाखूचे पाणी शिंपडू लागले होते. आपल्याकडेही मावा पडलेल्या झाडांवर तंबाखूचा काढा मारण्याचा उपाय बागाईतदारांच्या परिचयाचा आहे. ह्या जुन्या विषाचे नवे वंशज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत जन्मास आले. त्यांनी पिकांचे रक्षण केले हे खरे. पण त्याबरोबरच, जो जीव न मरता जगतो त्याच्या शरीरात विष काय उलथापालथ करते, असा एक नवाच प्रश्न त्यांनी शास्त्रापुढे उभा केला. त्या प्रश्नाचा इतिहास हा मुख्यतः मधमाशीचा इतिहास आहे.

शुद्ध निकोटिन प्रथम वेगळे केले ते १८२८ साली हायडेलबर्ग येथे, पॉसेल्ट आणि रायमान ह्या दोघा अभ्यासकांनी. पुढे १९०५ साली केंब्रिज येथील शरीरशास्त्रज्ञ लँग्ली ह्यांनी निकोटिनच्याच साहाय्याने असे दाखवून दिले की, स्नायूंमध्ये एक विशिष्ट ग्रहणशील द्रव्य असते आणि विष किंवा औषध आपले काम करते ते त्यावर जाऊन बसल्यामुळे. कुलपात किल्ली बसावी, तशी ही रचना होय. मज्जातंतूंचा नैसर्गिक संदेशवाहक ॲसिटिलकोलीन ही त्या कुलपाची खरी किल्ली; निकोटिन ही बनावट किल्ली. खरी किल्ली दार उघडून लगेच बाहेर येते. बनावट किल्ली कुलपात अडकून बसते, दार उघडे ते उघडेच राहते, आणि संदेशांचा असा गोंधळ माजतो की त्यातच किड्याचा अंत होतो.

शेतीस मात्र निकोटिन फार काळ पुरले नाही. ते फवारणाऱ्या मनुष्यासही अत्यंत घातक होते आणि झाडावर फार वेळ टिकतही नसे. इतक्यात १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्यूलर ह्यांस डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण आढळला. त्याबद्दल १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. स्वस्त, टिकाऊ आणि हाताळण्यास सोप्या अशा ह्या द्रव्यापुढे तंबाखूचा काढा मागे पडला. परंतु पाचसात वर्षांतच डी.डी.टी.ला न जुमानणाऱ्या घरमाश्या युरोपात दिसू लागल्या. त्यानंतर आलेल्या एकेका औषधाची तीच गत झाली. तेव्हा रसायनशास्त्रज्ञांची नजर पुन्हा त्या जुन्या कुलपाकडे वळली.

१९७०च्या दशकात अमेरिकेत शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या कुलपात बसणारे एक नवे द्रव्य तयार झाले. परंतु सूर्यप्रकाशात त्याचे तत्काळ विघटन होई. उन्हात न टिकणारे औषध शेताच्या काय कामाचे? ही अडचण दूर केली ती जपानमधील निहोन तोकुशु नोयाकु सेइझो ह्या, जर्मनीच्या बायर कंपनीशी संबंधित संस्थेतील शिन्झो कागाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८५ साली त्यांनी इमिडाक्लोप्रिड हे द्रव्य सिद्ध केले आणि १९९१ साली ते बाजारात आले. मागोमाग थायामेथॉक्झाम, क्लोथियानिडिन, थायाक्लोप्रिड अशी त्याची भावंडे आली. ह्या सर्व कुळास निओनिकोटिनॉइड, म्हणजे नवनिकोटिन, असे नाव मिळाले.

नवनिकोटिनांच्या अंगी खरोखरच मोठे गुण होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. कीटकाच्या कुलपात ही किल्ली घट्ट बसते, सस्तन प्राण्यांच्या कुलपात तितकी बसत नाही. म्हणून शेतकऱ्यास ह्यांपासून होणारा धोका जुन्या जहाल विषांहून पुष्कळ कमी. दुसरे असे की, ही द्रव्ये पाण्यात विरघळतात व मुळांवाटे झाडाच्या रसात शिरतात. अशा औषधास आंतरप्रवाही औषध म्हणतात. पेरण्यापूर्वी बियाण्यास नुसता लेप दिला की झाड मोठे होत असताना त्याचा सगळा देहच किडीला विषारी होतो. फवारणीचा पंप नको, मजुरी नको, वाऱ्यावर उडणारे तुषार नकोत. जे काम तंबाखूचे झाड निसर्गतः करीत होते, तेच आता मका, कापूस, सूर्यफूल आणि मोहरी ह्यांच्याकडून करून घेता येऊ लागले. वीस वर्षांच्या आत जगातील कीटकनाशकांच्या बाजारपेठेचा सुमारे चौथा हिस्सा ह्या एका कुळाने व्यापला.

परंतु ज्या रसातून विष पानात जाते, त्याच रसातून ते फुलातही जाते. आणि फुलावर कीड येते तशी मधमाशीही येते.

हे प्रथम ज्यांच्या ध्यानी आले, ते शास्त्रज्ञ नव्हते. ते फ्रान्समधील मधपाळ होते. १९९४ साली तेथे गाऊचो ह्या व्यापारी नावाने विकल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिडचा लेप दिलेले सूर्यफुलाचे बियाणे मोठ्या प्रमाणावर पेरले गेले. मध्य आणि पश्चिम फ्रान्समधील मधपाळ दर वर्षी जुलै महिन्यात आपल्या पेट्या सूर्यफुलाच्या शेतांजवळ नेऊन ठेवीत. त्या वर्षी फुले नेहमीसारखी फुलली, ऊनही चांगले पडले. पण पेट्या भरल्या नाहीत. सकाळी बाहेर पडलेल्या कामकरी माश्या संध्याकाळी परत येत ना. काही फुलांवरच थरथरत बसलेल्या दिसत, काही एकसारखे आपलेच अंग पुसत राहत. पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा खच पडला असता तर विषप्रयोग उघड झाला असता. येथे प्रेतेच नव्हती. पेट्या नुसत्या ओस पडत चालल्या होत्या.

मधपाळांनी तक्रार केली. तज्ज्ञांचे उत्तर असे की, रोपात शिरणारे विष फुलापर्यंत फारसे पोचत नाही, आणि जे पोचते ते मधमाशी मरण्याइतके नसते. उत्तर देणारे सर्वच लबाड होते असे मानण्याचे कारण नाही. विषाची परीक्षा करण्याची जी रीत त्यांस शिकविली गेली होती, तिच्यात दुसरे उत्तर निघण्यासारखेच नव्हते. ही रीत १९२७ साली ट्रेव्हन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने घालून दिली. ज्या मात्रेने शंभरांतील पन्नास प्राणी मरतात, ती त्या विषाची प्राणघातक मात्रा असे धरावयाचे. मधमाशीवर ही परीक्षा करावयाची म्हणजे तिला विषयुक्त साखरपाणी पाजून एकदोन दिवस पाहावयाचे आणि मेलेल्या मोजावयाच्या. ज्या जिवंत राहिल्या त्या सुखरूप आहेत, असे त्यात गृहीतच असे. त्यांना पोळ्याची वाट सापडते की नाही, रोगाशी त्या झुंज देऊ शकतात की नाही, हे विचारण्याची सोय त्या परीक्षेत नव्हती.

ह्या हिशेबात आकड्यांचाही एक चकवा होता. मधमाशीस इमिडाक्लोप्रिडची प्राणघातक मात्रा चार नॅनोग्रॅमच्या आसपास असल्याचे दिसून आले आहे. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. उलट सूर्यफुलाच्या एका बियाण्यावरील लेपात सुमारे ०.७ मिलिग्रॅम विष असे. सरळ भागाकार केला, तर एका बियाण्यावर अशा पावणेदोन लाख मात्रा निघतात. हे सर्व विष फुलात जात नाही. पिकात त्याचा अल्पांशच शोषला जातो आणि उरलेले बहुतेक मातीत राहते. परंतु मूळ साठाच एवढा प्रचंड असल्यावर त्याचा अल्पांशही किती मोजावा लागेल? ऑर्लेआँ येथे झां-मार्क बॉनमातँ ह्यांनी सूक्ष्म मापनाच्या पद्धती तयार करून हे विष सूर्यफूल व मका ह्यांच्या परागांत असल्याचे दाखविले. प्रमाण फारच थोडे, म्हणजे अब्जात काही भाग एवढेच होते; पण ‘फुलात ते नाहीच’ हा युक्तिवाद तेथे संपला.

जानेवारी १९९९ मध्ये फ्रान्सचे कृषिमंत्री झां ग्लाव्हानी ह्यांनी सूर्यफुलाच्या बियाण्यावरील हा लेप तहकूब केला. २००४ साली मक्याच्या बियाण्यासही तोच नियम लागू झाला. तरीही वाद मिटला नाही. कारण मधमाशीचे इतर शत्रूही काही कमी नव्हते. आशियातील मधमाशीवरून युरोपीय मधमाशीवर आलेला व्हॅरोआ नावाचा रक्तपिपासू माइट, त्याच्याबरोबर फैलावणारा पंख वेडेवाकडे करणारा विषाणू, आतड्यात वाढणारा नोसिमा हा परजीवी, शिवाय फुलझाडांचा ऱ्हास, अशी कारणे पुढे करता येत, आणि ती खोटीही नव्हती. एका पक्षाने विषाकडे बोट दाखवावे आणि दुसऱ्याने रोगाकडे, असे वर्षानुवर्षे चालले. ही दोन्ही कारणे हातात हात घालून येत असतील, हा विचार पुढे येण्यास मात्र वेळ लागला.

मध्यंतरी १९९४ सालच्या हानीहून वेगळी आणि उघड दिसणारी हानीही होऊन गेली. २००८ सालच्या वसंत ऋतूत जर्मनीतील ऱ्हाइनच्या खोऱ्यात मक्याच्या मुळ्या खाणाऱ्या भुंगेऱ्याविरुद्ध क्लोथियानिडिनचा लेप दिलेले बियाणे पेरले गेले. लेप नीट चिकटलेला नव्हता. हवेच्या दाबाने चालणाऱ्या पेरणीयंत्रांतून त्याची धूळ उडाली आणि आसपासच्या फुलांवर बसली. सुमारे सातशे मधपाळांच्या अकरा हजारांहून अधिक वसाहतींना त्याची बाधा झाली. येथे प्रेते होती, प्रेतांत विष होते, आणि सरकारने मे महिन्यातच त्या बियाण्याची परवानगी स्थगित केली. मरणाचा पुरावा मिळाला की न्याय लवकर होतो. न मरणाऱ्यांची दाद लावणे हेच कठीण असते.

ती दाद लागण्यास शास्त्राच्या एका निराळ्या शाखेतील प्रगती कारणीभूत झाली. कीटकास रोगप्रतिकारशक्ती असते, हे जुन्या काळी पुष्कळांस खरेही वाटत नसे. मनुष्याच्या रक्तात रोगजंतूची ओळख लक्षात ठेवणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. कीटकात ती नसतात. मग नासक्या पदार्थांत आणि शेणात जन्म काढणारी माशी जगते कशी? १९८०च्या सुमारास स्टॉकहोम येथे हान्स बोमन ह्यांनी एका मोठ्या पतंगाच्या कोशातून जंतुनाशक प्रथिने वेगळी काढली. पुढे १९९६ साली स्ट्रासबुर्ग येथील झूल हॉफमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी फळमाशीत असे दाखविले की, टोल नावाचे एक जनुक बिघडले तर माशी बुरशीपुढे हतबल होते. हॉफमन ह्यांस २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो ह्याच शोधाबद्दल. जंतू शिरल्याची वर्दी बाहेरून पेशीत येते; ती वर्दी एनएफ-कप्पाबी ह्या वर्गातील प्रथिने पेशीच्या गाभ्यापर्यंत नेतात; तेथे संरक्षणाची जनुके जागी होतात आणि जंतुनाशक प्रथिने तयार होऊ लागतात. ह्याखेरीज कीटकाच्या रक्तात शत्रूस घेरून काळ्या कवचात कोंडणाऱ्या पेशी असतात. हे कीटकाचे सैन्य होय.

ऑक्टोबर २००६ मध्ये मधमाशीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याच शरद ऋतूत अमेरिकेतील मधपाळांच्या पेट्या अकस्मात ओस पडू लागल्याच्या वार्ता येऊ लागल्या, हा केवळ योगायोग. परंतु ह्या जनुकसंचाचे वाचन करणारांस एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. फळमाशी किंवा डास ह्यांच्या मानाने मधमाशीकडे रोगप्रतिकाराशी संबंधित जनुके सुमारे एकतृतीयांशच होती. विष पचवून निकामी करणाऱ्या विकरांच्या एका प्रमुख कुळाची जनुके मधमाशीत ४६, तर फळमाशीत ८५ आढळली. असे का असावे ह्याविषयी मतभेद आहेत. पोळ्यातील माश्या एकमेकींस स्वच्छ ठेवतात, रोगी अळ्या बाहेर टाकतात, अन्नात जंतुनाशक द्रव्य मिसळतात. असे समाजरूप संरक्षण असल्यामुळे एकेकीच्या अंगची शस्त्रे कमी असली तरी चालत असावे, असे काहींचे म्हणणे आहे. कारण काहीही असो, मधमाशीचा खजिना मुळात मोठा नव्हता. आणि त्यातूनच नवे विष आपला वाटा उचलू लागले होते.

२०१० साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथील संशोधकांनी मधमाश्यांचे चार गट केले. एकास इमिडाक्लोप्रिड दिले, दुसऱ्यास नोसिमाचा संसर्ग केला, तिसऱ्यास दोन्ही, आणि चौथ्यास काहीच नाही. सर्वांत अधिक माश्या मेल्या त्या तिसऱ्या गटातील. त्याहून महत्त्वाचे असे आढळले की, पोळ्यातील अन्न निर्जंतुक ठेवण्यासाठी माशी जे विकर तयार करते, त्याचे काम एकट्या विषाने वा एकट्या रोगाने घटले नाही. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र ते स्पष्ट घटले. म्हणजे एका माशीची नव्हे, तर सबंध पोळ्याची ढाल पातळ झाली. २०१२ साली अमेरिकेतील प्रयोगातही असे दिसले की, अत्यल्प इमिडाक्लोप्रिड दिलेल्या वसाहतींतील माश्यांमध्ये नोसिमा अधिक माजतो. त्याच वर्षी आव्हिन्यों येथे ६५३ मधमाश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओखुणा चिकटवून त्यांचे येणेजाणे मोजण्यात आले. प्राणघातक नसलेली थायामेथॉक्झामची मात्रा घेतलेल्या माश्या घरी परतण्यात अधिक संख्येने चुकल्या. अठरा वर्षांपूर्वी मधपाळांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीस असा आकड्यांचा आधार मिळाला.

परंतु ‘विषाने माशी दुबळी होते’ एवढे म्हणून शास्त्राचे समाधान होत नाही. दुबळी होते म्हणजे नेमके काय होते? ह्याचे उत्तर २०१३ साली नेपल्सजवळील पोर्तिची येथे फ्रांचेस्को पेन्नाक्कियो ह्यांच्या गटाने दिले. त्यांना असे आढळले की, अल्प प्रमाणात क्लोथियानिडिन मिळालेल्या मधमाशीत एका विशिष्ट प्रथिनाचे जनुक नेहमीहून अधिक काम करू लागते. हे प्रथिन एनएफ-कप्पाबीच्या वर्दीस आवर घालणारे असते. निरोगी अवस्थेत असा आवर आवश्यकच आहे, नाहीतर सैन्य स्वतःच्याच घरावर तुटून पडेल. पण आवर प्रमाणाबाहेर गेला की संरक्षणाची जनुके जागीच होत नाहीत. पंख वेडेवाकडे करणारा विषाणू अनेक मधमाश्यांच्या अंगी गुप्तपणे वास करीत असतो. सैन्य जागे असेपर्यंत तो दबून राहतो. क्लोथियानिडिन मिळालेल्या माश्यांमध्ये तोच विषाणू भराभर वाढला. जितके विष अधिक, तितकी वाढ अधिक. इमिडाक्लोप्रिडनेही हाच परिणाम झाला. तुलनेसाठी दिलेल्या क्लोरपायरिफॉस ह्या वेगळ्या कुळातील कीटकनाशकाने मात्र तो झाला नाही. म्हणजे कोणत्याही विषाने येणारी ही सामान्य मरगळ नव्हे. नवनिकोटिनांचा हा विशिष्ट गुण आहे.

एखाद्या चौकीदाराचा हात कोणी धरून ठेवावा, आणि चोर येईपर्यंत घरधन्यास ते कळूही नये, तसा हा प्रकार होय. येथे विषाने चौकीदारास मारले नाही, दारही फोडले नाही. जनुकाची घडणही बदलली नाही. बदलले ते जनुकाचे काम. तज्ज्ञांच्या जुन्या परीक्षेत अशी माशी जिवंत म्हणूनच मोजली गेली असती. पुढे ती विषाणूने मेली तर मृत्यूच्या दाखल्यावर विषाणूचेच नाव लागले असते. विष आणि रोग ह्यांचा वाद दोन दशके का मिटला नाही, ह्याचा उलगडा त्यामुळे होतो: दोन्ही पक्ष अर्धे अर्धे सत्य सांगत होते.

त्याच वर्षी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी लिटरभर पाकात केवळ दोन मायक्रोग्रॅम इमिडाक्लोप्रिड घालून तो मधमाश्यांच्या वसाहतींना दिला. अळ्या मेल्या नाहीत. परंतु अन्नाचे पचन आणि विषाचे निराकरण ह्यांच्याशी संबंधित जनुकांच्या कामात फरक पडल्याचे दिसले. २०१६ साली जर्मनीतील हेसन प्रांतात झालेल्या अभ्यासात नवनिकोटिनांमुळे मधमाशीच्या रक्तातील संरक्षक पेशींची संख्या, शत्रूस कवचात कोंडण्याची शक्ती आणि रक्ताचा जंतुनाशक गुण ही तिन्ही घटल्याचे आढळले. ह्यात थायाक्लोप्रिडही होते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थायाक्लोप्रिड मधमाशीस फारसे मारक नाही असा त्याचा लौकिक होता, आणि तो खराही होता. २०१८ साली असे सिद्ध झाले की, मधमाशीतील एक विकर थायाक्लोप्रिड झपाट्याने पचविते, इमिडाक्लोप्रिड मात्र त्यास पचविता येत नाही. तेव्हा जे विष मारीत नाही, तेही प्रतिकारशक्तीस सोडीत नाही, असा ह्या दोन शोधांचा एकत्र अर्थ होतो.

सत्याच्या दुसऱ्या बाजूचाही उल्लेख केला पाहिजे. प्रयोगशाळेतील माशी एकाकी असते. पोळ्यात हजारो असतात आणि एकीची उणीव दुसरी भरून काढते. २०१५ साली स्वीडनमध्ये प्रत्यक्ष मोहरीवर्गीय पिकांच्या शेतांवर केलेल्या अभ्यासात क्लोथियानिडिनच्या लेपामुळे रानटी मधमाश्यांची संख्या घटली आणि भुंगमाश्यांच्या वसाहतींची वाढ खुंटली. पाळीव मधमाश्यांच्या वसाहतींवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. २०१७ साली ब्रिटन, हंगेरी आणि जर्मनी ह्या तीन देशांतील अभ्यासाचे निष्कर्षही देशपरत्वे निरनिराळे आले. जेथे फुले विविध आणि रोग कमी, तेथे वसाहत विष सोसते. जेथे उपासमार आणि रोग आधीच आहेत, तेथे तेच विष जड जाते, असे ह्यावरून वाटते. दुर्बळाकडे शिल्लक कमी असते, म्हणून तोच आधी बुडतो.

माशीस विषारी फूल टाळता येत नाही का, असे कोणी विचारील. २०१५ सालीच ह्याही प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि ते खेदकारक होते. मधमाश्यांना व भुंगमाश्यांना ह्या विषांची चव कळत नाही. इतकेच नव्हे, साधा पाक आणि इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथॉक्झाम घातलेला पाक समोर ठेवला असता त्यांनी विषाचाच अधिक घेतला.

युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ पासून इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथॉक्झाम ह्यांच्या वापरावर मर्यादा घातल्या. एप्रिल २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांचा वापर पूर्णपणे बंद करण्याचे ठरले. बंदिस्त काचगृहांत तेवढी मोकळीक राहिली. त्यानंतरही काही देश आणीबाणीच्या नावाखाली सवलती देत राहिले. फ्रान्सनेच साखरबीटाच्या पिकास तशी सवलत दिली होती, कारण मावा बीटावर रोग पसरवितो आणि शेतकऱ्यांचे नुकसान खरोखरच मोठे होते. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, स्पष्टपणे मनाई केलेल्या द्रव्याच्या लेपास अशी सवलत देता येणार नाही. सूर्यफुलाच्या शेतातील त्या पहिल्या तक्रारीपासून येथवर येण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली.

ह्या तीस वर्षांत ज्यांच्यासाठी हे विष निर्माण झाले, त्या किडींचे काय झाले? दक्षिण फ्रान्समधील पीच फळांच्या बागांत असा मावा सापडला की, त्याच्या मज्जातंतूंतील कुलपाची घडणच एका ठिकाणी बदललेली होती. नवी किल्ली त्यात नीट बसेना. हा बदल २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याच जातीच्या माव्याची एक शाखा फार पूर्वीपासून तंबाखूवर जगण्यास सरावलेली आहे. निकोटिन पचविणाऱ्या एका विकराचे जनुक तिच्यात अनेक पटींनी वाढलेले असते, आणि तेच विकर नवनिकोटिनांनाही निकामी करते, असे २०१३ साली दिसून आले. गाढव तंबाखू खात नसेल. मावा खातो, आणि त्या शिदोरीवर तो नव्या विषासही पुरून उरतो. मावा थोड्या दिवसांत पिढ्यांमागून पिढ्या काढतो. त्याच्या असंख्य संततीत एखादी वाचली तरी तिचा वंश शेत व्यापतो. पोळ्यात प्रजा निर्माण करणारी राणी एकच, आणि बाहेर जाऊन विष खाणाऱ्या कामकरी माश्या बहुधा निर्वंश. शत्रूच्या जनुकांना विषाने लढावयास शिकविले आणि मित्राची जनुके झोपविली, असा हा उलटा न्याय झाला.

हा प्रश्न केवळ युरोपचा नाही. भारतात इमिडाक्लोप्रिडचा वापर कापसासह अनेक पिकांवर होतो. तुडतुडे आणि मावा ह्यांच्यापासून रोपावस्थेत पीक वाचविण्यासाठी कापसाच्या बियाण्यास त्याचा लेप देतात. कोरडवाहू शेतकऱ्यास फवारणीचा खर्च आणि धोका त्यामुळे काही काळ टळला, हे नाकारता येणार नाही. तुडतुड्यांत प्रतिकार वाढल्याच्या नोंदीही झाल्या आहेत. दुसरीकडे पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आपल्या सातेरी मधमाशीच्या पालनाचे शास्त्र वाढविले आहे, आणि महाबळेश्वरच्या परिसरातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. कांद्याचे बी धरणाऱ्या शेतकऱ्यास मधमाशी किती उपयोगी पडते, हे त्याला सांगावे लागत नाही. बी धरले नाही तर पुढच्या वर्षीचा कांदाही नाही, हा हिशेब त्याच्या घरचाच आहे.

एका विषाच्या ह्या इतिहासातून निघणारे तात्पर्य असे की, विषाची परीक्षा मेलेल्यांच्या गणतीने संपत नाही. जे जगले ते कसे जगले, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. फ्रान्समधील मधपाळांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हते, जनुकांची यादीही नव्हती. संध्याकाळी पेटीपाशी उभे राहून परतणाऱ्या माश्या पाहण्याची सवय तेवढी होती, आणि माश्या परतत नाहीत हे त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात सांगितले होते. शास्त्रास त्याचे कारण समजावयास एकोणीस वर्षे लागली. कारण समजेपर्यंत तक्रार खोटी मानावयाची नसते, एवढे जरी ह्यातून शिकता आले, तरी ओस पडलेल्या त्या पेट्यांची किंमत काही अंशी वसूल झाली असे म्हणता येईल.